पाच काड्या

बिळात हात घालायचा तर आधी मनगटावरचं घड्याळ काढावं लागतं, बाही खांद्यापर्यंत वर सारावी लागते आणि चावून घ्यायची तयारी ठेवावी लागते. ताईनं हे सव्वीस वर्षं केलं होतं. बंदरावरचे लोक तिला बिळवाली बाई म्हणत, ऑफिसातले मॅडम म्हणत, धाकटा भाऊ ताई म्हणे. तिन्हींतलं शेवटचंच तिला आवडे, म्हणून आपणही तेच घेऊ.

ताईची नोकरी पक्षी खात्यात होती. बंदरापासून होडीनं वीस मिनिटांवर एक उघडं बेट, त्यावर गवत, गवताखाली बासष्ट बिळं, आणि बिळांत शिअरवॉटर नावाचे समुद्रपक्षी. पाठ काळी, पोट पांढरं, चोचीवर दोन नळ्या. अंगाला असा तेलकट वास, की ताईचे कामाचे कपडे घरात कुणी एका दोरीवर वाळत घालू देत नसे. नाव परकं असलं तरी अर्थ सरळ आहे, पाणी कातरत जाणारा. जमिनीवर मात्र या पक्ष्याची पार फजिती. पाय शेपटीपाशी लावलेले, उभं राहायला गेला की तोंडावर पडतो आणि छातीवर सरपटत घरात शिरतो. दिवसा दिसला तर कुरव, म्हणजे मोठे सीगल, त्याला फाडून खातात, म्हणून येणंजाणं सगळं अंधारात. वर्षाला एकच अंडं. ते पन्नासेक दिवस उबवायचं, नवराबायकोनं पाळीपाळीनं. एकानं आठवडाभर उपाशी बसायचं, दुसऱ्यानं शेकडो मैल लांब जाऊन पोट भरून यायचं, मग पाळी बदलायची. करार चोख आहे. फक्त बाहेर गेलेल्यानं परत यायला हवं.

आता यातली गंमत अशी, की ज्याच्या नावातच पाणी कातरणं आहे त्याला पाणी कातरताना ताईनं कधी पाहिलंच नव्हतं. बिळात हात घालून पाहिलं होतं, पायात कडी अडकवून पाहिलं होतं, कापडी पिशवीत घालून तोलून पाहिलं होतं. संध्याकाळी दुर्बिणीतून लांब पाण्यावर तरंगणारे काळे ठिपके दिसत, तेवढंच. ते ठिपके उठून कुठं जातात, तिथं कसे उडतात, हे ज्यांनी पाहिलं त्यांचे लेख ती वाचत आली होती. काखेत कळसा म्हणतात तो हा असा.

त्या वर्षी सर्वेक्षणाच्या जहाजावरचा एक माणूस आजारी पडला आणि त्याची जागा ताईला मिळाली. पक्षी जिथं जेवायला जातात त्या पाण्यात तीन आठवडे. असं जहाज आठ वर्षांतून एकदा निघतं, आणि ताईच्या निवृत्तीला चार वर्षं उरली होती. म्हणजे हे पहिलं आणि शेवटचं. जहाज गुरुवारी सकाळी सुटणार होतं.

अडचण घरात होती. घरात अण्णा होते, ताईचे वडील, वय त्र्याऐंशी, आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केलेली. खुबा मोडल्यापासून ते चार पायांचा वॉकर धरून चालत. गेल्या वर्षी ताई बेटावर असताना ते न्हाणीघराच्या दारात पडले आणि दुपारपासून संध्याकाळपर्यंत तिथंच पडून राहिले. ताई घरी आली तेव्हा त्यांनी पहिलं वाक्य काय बोलावं, तर भिंतीवरचं घड्याळ दोन मिनिटं मागं पडलंय. सुंभ जळेल, पीळ जायचा नाही. त्या दिवसापासून त्यांना एका दिवसापेक्षा जास्त एकटं ठेवायचं नाही, असं भावाबहिणीचं ठरलं होतं.

आणि भाऊ? भाऊ चांगला होता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढं तसं वाटणार नाही. लांबच्या एका गोदीत तो जहाजांची इंजिनं दुरुस्त करायचा. दर महिन्याला आठवडाभर येऊन अण्णांना सांभाळीन, असं त्यानं कबूल केलं होतं. फोन केला की म्हणायचा, उद्या निघतो. घरात त्याचं नावच पडलं होतं उद्याराव, आणि तेही अण्णांनीच पाडलेलं. जहाजाचं कळलं तेव्हा मात्र तो म्हणाला, ताई, तू जायचंसच, मी बुधवारी हजर. ताईनं बॅग काढून पुसून ठेवली.

बिळात रात्री कुणी आलं का, हे ओळखायची एक साधी रीत आहे. बिळाच्या तोंडाशी पाच काड्या मातीत खोचून उभ्या करायच्या. सकाळी आडव्या दिसल्या तर कुणीतरी आत गेलं किंवा बाहेर आलं. उभ्या असल्या तर नाही. या काड्या अण्णा करून देत. डोळ्याला भिंग लावून, बोटाएवढ्या, सगळ्या सारख्या, टोकाला जरा तासलेल्या. बासष्ट बिळांना तीनशे दहा काड्या, शिवाय वाऱ्यानं गेल्या तर म्हणून चाळीस जादा. काड्यांचं काय झालं, हे ते रोज संध्याकाळी विचारत. त्यामुळे घराबाहेर न पडताही बेटावरची सगळी कुळकथा त्यांना पाठ होती.

त्या दिवसांत त्यांचा जीव एकतिसाव्या बिळात अडकला होता. तिथला नर अकरा दिवस अंड्यावर होता आणि मादीचा पत्ता नव्हता. बसला तेव्हा वजन चारशे चाळीस ग्रॅम, आता तीनशे चाळीस. काड्या रोज उभ्या. होडीवाला चेष्टेनं म्हणाला, बाई, लावा पैज, आधी ती येते का तुमचा भाऊ येतो. ताई हसली, पण पैज लावली नाही.

बुधवारी सकाळी काड्या आडव्या होत्या. ताईला आनंद झाला, बाही वर सारून तिनं हात आत घातला, आणि कुणी चावलं नाही. आत फक्त अंडं होतं, थंडगार. मादी आली नव्हती. नर निघून गेला होता.

इथं ताईच्या हाताचं सांगायला हवं. नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत तिचा हात असं अंडं लगेच बाहेर काढत असे. थंड अंडं म्हणजे मेलेलं अंडं, असं तेव्हाच्या साहेबांनी शिकवलं होतं. ती ते भोक पाडून फुंकून रिकामं करी आणि खात्याच्या खणात कापसावर ठेवी. अशी चौदा अंडी झाली. पंधरावं काढायचं ती पावसापाण्याच्या गडबडीत विसरली, आणि आठवड्यानं गेली तर त्यावर पक्षी बसलेला. पुढं त्यातून पिल्लू निघालं. हा पक्षी भुकेनं अगदी टेकीला आला की अंडं सोडून जातो, खाऊन येतो आणि पुन्हा बसतो. तोवर अंडं आत थंडीत दम धरून राहतं. आतला जीव थांबतो, मरत नाही. हे समजलं त्या दिवशी ताईनं खण उघडून चौदाही अंडी मोजली आणि ऑफिसातच रडली. साहेब म्हणाले, अहो, सगळेच असं करत होते. ते खरंही होतं, पण तिला त्याचा काही उपयोग झाला नाही. खण अजून आहे, आणि ती तो उघडत नाही.

म्हणून बुधवारी तिनं अंड्याला दोन बोटं लावली, हात रिकामा बाहेर काढला आणि पाच काड्या पुन्हा उभ्या केल्या. होडीवाल्याच्या हातात एक वही दिली. मी नसेन तेव्हा रोज एवढंच बघ, म्हणाली, काड्या उभ्या की आडव्या. हात घालू नकोस.

घरी आली तर फोन वाजत होता. उद्यारावच. इंजिन उघडून पडलंय, जहाजाचा मालक डोक्यावर बसलाय, आज निघणं होत नाही, पण शनिवारी नक्की. ताईनं फोन ठेवला आणि बॅग कपाटावर परत चढवायला लागली. तिला राग भावाचा आला होता, आणि त्याहून जास्त स्वतःचा, कारण पुसलेली बॅग पाहून ती तीन दिवस मनातल्या मनात खूश होत होती.

अण्णा खिडकीशी बसून काडी तासत होते. त्यांनी भिंग काढलं नाही.

"एकतीस नंबरचं काय झालं?"

"थंड पडलंय."

"काढलंस?"

"नाही."

"किती दिवस दम काढेल?"

"चार दिवस नक्की. सहा दिवसांचंही पाहिलंय मी."

"मग शनिवारपर्यंत मला काय धाड भरलीय? बॅग खाली घे."

वाद झालाच. अंड्याला न्हाणीघरात जावं लागत नाही, असं ताई म्हणाली. अण्णा म्हणाले, मी धरून जाईन. शेवटी खालच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या शेजारणीनं तोड काढली. तिची मशीन जिन्याशेजारीच होती. शनिवारपर्यंत सकाळ-संध्याकाळ डबा घेऊन वर येईन, गोळ्या देईन, रात्री एकदा डोकावेन, असं तिनं कबूल केलं. त्यापुढं मात्र तिला जमणार नव्हतं, लग्नाच्या ऑर्डरी होत्या. जहाज रविवारी सकाळी एका बंदराला लागणार होतं, त्यानंतर तीन आठवडे किनारा नाही आणि फोनही नाही. तेव्हा असं ठरलं की ताईनं शनिवारी संध्याकाळी फोन करायचा. भाऊ आला असेल तर पुढं जायचं. नसेल तर रविवारी उतरायचं आणि मिळेल त्या गाडीनं परत यायचं. ताईनं हे सगळ्यांकडून दोनदा वदवून घेतलं. आपल्या घरात बोललेलं आणि झालेलं यांत किती अंतर असतं, हे तिला ठाऊक होतं.

शनिवारी संध्याकाळी जहाजाच्या फोनवर तिचा पहिला नंबर होता. अण्णांचा आवाज खणखणीत आला. "आलाय. आंघोळीला गेलाय. तू जा." मागं काहीतरी पाणी पडल्यासारखा आवाज होता. ताईनं शेजारणीलाही फोन लावला. तीही म्हणाली, हो, अण्णांनी आत्ताच सांगितलं, पोरगा आलाय, आता डबा नको. ताईच्या छातीवरचं ओझं उतरलं. रविवारी जहाज बंदराला लागलं, दोन जण उतरले. ताई कठड्याला धरून उभी होती, ती उतरली नाही.

तीन आठवड्यांनी ती परत आली तेव्हा नाक आणि कानांची टोकं उन्हानं सोलून निघाली होती. बंदरावर होडीवाला वही घेऊन उभाच. गुरुवार उभ्या, शुक्रवार उभ्या, शनिवार उभ्या, रविवार उभ्या, सोमवारी आडव्या. म्हणजे पाच रात्री. तेव्हापासून अधूनमधून आडव्या होताहेत, त्यानं सांगितलं, येजा चालू आहे. अंडं जिवंत आहे का मेलंय, हे आता उद्या हात घातल्यावरच कळणार होतं. ताईनं वही घेतली आणि घर गाठलं.

जिन्यापाशी शिवणवाल्या शेजारणीनं मशीन थांबवली. हवापाण्याचं बोलून झालं. मग ती म्हणाली, "तुमचा भाऊ मधे कुठं गेला होता हो? बुधवारी दुपारी बॅग घेऊन परत येताना दिसला. मी विचारलं तर नुसता बघतच राहिला."

"परत?" ताई म्हणाली.

"हो ना. शनिवारी आला, मग गेला कधी ते काही मला दिसलं नाही."

ताई जिना चढून वर गेली. भाऊ ओट्याशी भांडी घासत होता. तिला पाहून तो ताई म्हणाला आणि पुन्हा भांड्यात बघायला लागला, यावरूनच तिला निम्मं कळलं. उरलेलं निम्मं दारामागं खिळ्याला टोचलेलं होतं. खात्याचा छापील तक्ता होता तो, असे कोरे तक्ते तिच्या टेबलाच्या खणात पडलेले असत. बीळ क्रमांकाच्या जागी अण्णांच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं, घर. खाली तारखा होत्या. काड्या त्यांना जमिनीत खोचता येत नव्हत्या, कारण वाकता येत नव्हतं. म्हणून कडीच्या वर, दाराच्या फटीत, पाच काड्या अडकवल्याची टीप होती. दार उघडलं की पडाव्यात अशा.

शनिवार रात्र. काड्या उभ्या. आत एक.

रविवार. उभ्या. आत एक. शेरा : जहाज बंदरातून सुटले असावे.

सोमवार. उभ्या. आत एक. शेरा : न्हाणीघरात घसरलो, पडलो नाही. पाव संपला, केळी आहेत.

मंगळवार. उभ्या. आत एक. शेरा : गोळी दोनदा घेतली की घेतलीच नाही, नक्की नाही.

बुधवार, दुपारी सव्वातीन. पाचही खाली. आत दोन. अंडे : थंड, जिवंत.

ताईनं ते उभ्यानंच वाचलं, पुन्हा वाचलं. मग तिला इतका संताप आला की पायातले बूटही न काढता ती आतल्या खोलीत गेली. अण्णा खिडकीशी होते.

"पडला असतात तर?"

"पडलो नाही."

"चार दिवस, अण्णा. कुणाला कळलंही नसतं. मी तिथं मजेत उभी होते आणि इथं तुम्ही केळी खाऊन राहत होतात. तुम्ही माझ्याशी खोटं बोललात."

"तोंडानं बोललो," अण्णा म्हणाले. "कागदावर एक अक्षर खोटं नाही."

ताई रडायला लागली. मोठ्यानं नाही, पण लपवलंही नाही. भाऊ दारात येऊन उभा राहिला, हाताला साबण तसाच. शनिवारी निघालो होतो ताई, तो म्हणाला, गाडीत बसलोही होतो, मालकानं परत बोलावलं. मग रविवारी रात्री अण्णांना फोन केला तर ते म्हणाले, सावकाश ये, ताई उतरून परत आलीय. म्हणजे म्हाताऱ्यानं तिघांनाही गुंडाळलं होतं, आणि प्रत्येकाला त्याच्या सोयीचं तेच सांगितलं होतं. भावाला सोयीचं तेच ऐकायची सवय होती, हे खरं. पण ताईनंही शनिवारी, त्याला जरा फोनवर द्या, असं म्हटलं नव्हतं. ते तिला आत्ता आठवलं, आणि भावाला बोलायचं जे तोंडाशी आलं होतं ते तिनं गिळलं.

ती दाराशी गेली, तक्ता खिळ्यावरून काढला आणि त्यावरून डोळे फिरवले. माणूस कितीही खवळला तरी सव्वीस वर्षांची सवय जात नाही. वजनाचा रकाना खालपासून वरपर्यंत कोरा होता.

"वजन नाही लिहिलं," ती म्हणाली.

"काटा कपाटावर. माझा हात पुरत नाही."

ताईनं काटा खाली काढला, खिडकीशी सपाट जागा बघून ठेवला आणि वॉकर बाजूला करून अण्णांना दोन्ही हातांनी धरून त्यावर उभं केलं. निघायच्या आदल्या दिवशी ते एकसष्ट किलो होते. काटा हलला, थरथरला आणि सत्तावन्नावर थांबला. नंतरच्या अडीच आठवड्यांत भावानं घातलेलं खाऊन सत्तावन्न. बुधवारी किती असतील, ते आता कुणालाच कळणार नव्हतं. तो रकाना कायमचा कोरा राहणार होता.

अण्णांना आकड्यात रस नव्हता. ते काट्यावर उभे राहून तिच्या सोललेल्या नाकाकडे बघत होते.

"दिसले का?"

"दिसले."

"मग सांग की. मी काय फुकट केळी खाल्ली?"

जहाजावर तिनं वह्या भरल्या होत्या, आकडे होते, वेळा होत्या, वाऱ्याची दिशा होती.

"पंख हलवतच नाहीत, अण्णा," ती म्हणाली. "नुसते पसरून धरतात. लाट वर आली की वर, खाली गेली की खाली. वळताना एका पंखाचं टोक पाण्याला लागतं, तिथं एवढीशी रेघ उठते आणि पुसून जाते. हजारो होते. आणि एकही अडखळत नव्हता."

अण्णांनी मान हलवली. काटा सत्तावन्नावरच होता. ते खाली उतरले नाहीत, आणि तिनंही त्यांचे हात सोडले नाहीत.